पहिलटकरणीचं माहेर

लस टोचण्याआधी डॉक्टर तबस्सुम मुजावरांनी मला बरंच काही विचारलं. रक्तदाब, साखर, कधी इसब झालं होतं का, कसली औषधं चालू आहेत का. सगळ्यात शेवटी विचारलं, "मालनताई, घरी कोण कोण असतं?"

"कोणी नाही. मी एकटीच."

"मुलंबाळं?"

"एक मुलगी. ती दिलीय इचलकरंजीला."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि माझ्या दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला. काही चुकलंय असं दोघींपैकी कोणालाच वाटलं नाही. मुलगी दिली म्हणजे ती तिच्या घरची, आपल्या घरात मोजायची नाही, हे सांगलीत काय किंवा मिरजेत काय, शिकवावं लागत नाही. डॉक्टर स्वतः मुजावरांची सून. दिलेली मुलगी पहिल्या बाळंतपणाला परत येते, ही साधी गोष्ट आम्हा दोन शिकल्यासवरल्या बायकांच्या त्या वेळी ध्यानातच आली नाही. प्रश्न तयार करणाऱ्या दिल्लीच्या लोकांच्याही ध्यानात आली नव्हती, पण ते बहुतेक पुरुषच असणार.

मी मालन बिरनाळे. तेव्हा आपत्कालीन पथकाच्या रुग्णवाहिकेवर सिस्टर होते, अजूनही आहे. नवरा फार लवकर गेला. स्वरूपाला वाढवलं, शिकवलं, लग्न करून दिलं आणि मग घरात मी आणि फ्रीजचा आवाज एवढंच उरलं. त्यामुळे लस घेणाऱ्या स्वयंसेवकांची पहिली यादी निघाली तेव्हा सगळ्यात आधी माझा हात वर गेला. साहेबांनी कौतुक केलं. मला त्यात शौर्य वगैरे काही वाटलं नाही. कोणाला तरी आपला उपयोग आहे, एवढंच बरं वाटलं.

लस कशी होती ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं. साधी लस शरीराला चोराचा फोटो दाखवते. पण प्रयोगशाळेत मुद्दाम घडवलेला जंतू दर वेळी वेगळा चेहरा घेऊन येतो, त्यामुळे जुन्या फोटोचा काही उपयोग होत नाही. आमच्या आज्यांच्या तोंडावर देवीचे व्रण असायचे. तो रोग जगातून गेला. पण त्याचे भाऊबंद कोणीतरी कुठंतरी नव्यानं घडवतंय, अशा बातम्या त्या काळात येऊ लागल्या होत्या. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच कुळातला एक गरीब, निरुपद्रवी जंतू घेतला आणि त्याला माणसाच्या कातडीत कायमचं बिऱ्हाड करायला शिकवलं. दंडावर रुपयाएवढा लालसर डाग. तो जंतू त्या डागात जिवंत राहतो, थोडाथोडा बदलत राहतो आणि शरीराला झोपू देत नाही. त्या कुळातला कोणीही आला तरी शरीर जागंच असतं. म्हणून तिला जागती लस म्हणायचे.

ती सगळ्यांना द्यायची नव्हती. हल्ला झालाच तर जे सगळ्यात आधी आत धावणार, म्हणजे आगीचे बंबवाले, रुग्णवाहिकेवाले, थोडे पोलीस, त्यांनाच आगाऊ द्यायची होती. हल्ल्यानंतर टोचत बसायला वेळ नसतो, हे मला पटलं होतं आणि आजही पटतं.

फक्त एक गोष्ट होती. डाग जिवंत असल्यामुळे त्यातून तो जंतू थोडाथोडा घामात उतरायचा, कपड्याला लागायचा, टॉवेलवर राहायचा. धडधाकट माणसाला त्यानं काहीच होत नाही. पण ज्याच्या शरीराचा पहारा ढिला आहे, त्याला तो गरीब जंतूही भारी पडतो. कर्करोगाचे उपचार चालू असलेला माणूस. मूत्रपिंड बदललेला माणूस. गरोदर बाई, कारण पोटातल्या बाळाला परकं समजू नये म्हणून तिचं शरीर आपणहून पहारा सैल करतं. आणि तान्हं मूल, ज्याचा पहारा अजून बसलेलाच नसतो. डाग कापून टाकला तरी जंतू काखेतल्या गाठींत शिल्लक राहतो. तो आपणहून मरायला सात-आठ वर्षं लागतात.

पहिली दोन वर्षं काहीच घडलं नाही. घडलं ते एवढंच, की कुठं पिवळी पूड सांडलेली दिसली की लोक आम्हाला फोन करायचे. सांगली म्हणजे हळदीची पेठ. इथं पिवळ्या पुडीला घाबरायचं म्हटलं तर अर्धं गाव रिकामं करावं लागेल. आमचा ड्रायव्हर इराप्पा प्रत्येक वेळी नमुना हुंगून सांगायचा, "राजापुरी हळद हाय ताई, चांगल्यातली." आम्ही हसायचो आणि परत यायचो.

असंच एकदा मार्केट यार्डातून परत येताना स्वरूपाचा फोन आला.

"आई, बसलीयेस का?"

"उभी आहे. बोल."

"बस मग आधी."

मी गाडीच्या पायरीवर बसले. तिनं सांगितलं. मी नुसतीच "अगं बाई, अगं बाई" करत राहिले. इराप्पानं न विचारताच पेढे आणायला माणूस पाठवला.

"सातव्यात न्यायला ये," ती म्हणाली. "आणि आत्तापासून सांगून ठेवते, मला तुझ्या हातचं भडंग लागणार. दुकानातलं चालणार नाही."

"सांगलीत राहून घरी भडंग करणारी मी एकटीच असेन," मी म्हटलं. बोलता बोलता सवयीनं माझा हात दंडावर गेला आणि तिथंच थांबला.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टर मुजावरांसमोर जाऊन बसले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "मी सांगायला हवं होतं," मी म्हटलं. नियम साधे होते. माझ्या घरात तिला आणायचं नाही, माझी अंथरुणं-पांघरुणं नाहीत, माझ्या हातचं खाणं नाही, आणि बाळ झाल्यावर ते मोठं होईपर्यंत जवळ जायचं नाही. मी नर्स आहे. यातलं काहीच मला समजावून सांगावं लागलं नाही.

शेवटी स्वरूपाला माझ्या भावाकडे, विश्रामबागला, आणायचं ठरलं. भावजय पद्मजावहिनी तोंडानं फटकळ, पण मनानं मोठी बाई. "तुमची ती माझी न्हाई का?" एवढं म्हणून त्यांनी खोली रिकामी केली. पहिलं बाळंतपण आजोळी. लोकांनी नावं ठेवली नाहीत, उलट मला धीर दिला. तो धीरच मला नकोसा व्हायचा.

भावाचं घर दुसऱ्या मजल्यावर. समोर रस्त्यापलीकडे एका इस्त्रीवाल्याची टपरी होती. ड्यूटी संपली की मी तिथं जाऊन उभी राहायचे. स्वरूपा गॅलरीत यायची आणि आम्ही एकमेकींना बघत फोनवर बोलायचो. इस्त्रीवाल्यानं पुढंपुढं माझ्यासाठी एक स्टूल काढून ठेवलं. त्याच्या टपरीत बाळाचे कपडे येतील म्हणून मी ते नेहमी रस्त्याच्या कडेला ओढून बसायचे.

"लसूण किती घालू ओ?" वहिनी वरून ओरडून विचारायच्या.

"मूठभर! आणि ठेचायचा, चिरायचा न्हाई!"

सगळी गल्ली ऐकायची. भडंग व्हायचं. स्वरूपा एक घास खायची आणि फोनवर म्हणायची, "बरंय." मला कळायचं.

एकदा ती चिडली. पोट बरंच मोठं दिसायला लागलं होतं आणि पाय सुजले होते. "सगळ्या जगासाठी टोचून घेतलीस तू," ती म्हणाली. "आणि हल्ला कुठंय? दोन वर्षं झाली, तुम्हाला हळदच सापडतीय नुसती."

तिचं म्हणणं खरं होतं. जे आलं नाही त्याच्यासाठी मी जे होतं ते घालवून बसले होते. ती आत निघून गेली तरी मी स्टुलावर तशीच बसून राहिले, कारण घरी जाऊनही काय करणार होते?

हल्ला झाला तो एका साध्या सकाळी. मिरज रस्त्यावरच्या एका व्यापारी संकुलात हवा तपासणारं यंत्र वाजू लागलं. आम्ही निघालो तेव्हा इराप्पा म्हणाला, "आज बघूया, हळद सेलम हाय का राजापुरी." पण तिथं पोचलो तर बंबवाल्यांचे चेहरे वेगळेच होते. वातानुकूलनाच्या नळीत एक डबी सापडली होती. डबीतून कितीतरी वेळ काहीतरी फवारलं जात होतं. त्याच सकाळी आणखी तीन शहरांत तशाच डब्या सापडल्या होत्या.

ज्यांनी लस घेतली नव्हती त्यांना बाहेर थांबवलं आणि आम्ही तसेच, साध्या गणवेशात, जिना चढलो. आमच्या लसीचा सगळा अर्थ त्या जिन्यात होता. तिसऱ्या मजल्यावर सोनोग्राफीचा दवाखाना होता. मी दार ढकललं आणि मोठ्या आवाजात म्हटलं, "कोणी बाहेर जायचं नाही, घाबरायचंही नाही."

"आई!"

बाकावर स्वरूपा होती, शेजारी वहिनी. कितीतरी महिन्यांनी मी तिला इतक्या जवळून पाहत होते. ती भिंतीला धरून उठली आणि हात पुढं करून माझ्याकडे यायला निघाली. मी मागं सरले. ती आणखी एक पाऊल पुढं आली, मी आणखी मागं. भरल्या दवाखान्यासमोर मी माझ्या पोरीपासून पळत होते. शेवटी वहिनींनी तिला धरून खाली बसवलं.

संकुलातल्या सगळ्यांना विलगीकरणाच्या इमारतीत नेलं. प्रत्येकाला वेगळी खोली आणि गोळ्या दिल्या. जंतू आत गेलाय की नाही हे रक्तातून कळायला आठवडा तरी लागणार होता. वहिनी एका टोकाला, स्वरूपा दुसऱ्या टोकाला. धसक्यानं म्हणा, दिवस भरत आलेच होते म्हणा, दुसऱ्याच दिवशी सकाळी तिला कळा सुरू झाल्या.

डॉक्टर मुजावरांनी मला काचेबाहेर बोलावलं. "नीट ऐका," त्या म्हणाल्या. "तिला जंतू लागला असेल, तर तुमच्या लसीची भीती धरायचं कारण नाही. झाला तर थोडा फायदाच होईल. पण लागला नसेल, तर त्या खोलीत एकच धोका असेल. तो म्हणजे तुम्ही."

"आणि दुसरं कोण जाऊ शकतं?"

"सूट घालून माझ्या नर्स जातील. पण या उकाड्यात त्या सुटात अर्ध्या तासावर कोणी टिकत नाही. पहिलटकरीण आहे, किती वेळ लागेल सांगता येत नाही. लस घेतलेल्या बाकीच्या दोघी सिस्टर खालचे सत्तर लोक सांभाळतायत. आणि त्यांनी तरी बाळंतपण कधी केलंय? तुमच्याशिवाय लस घेतलेला मोकळा माणूस म्हणाल तर इराप्पा आहे."

"मी म्हशीचं केलंय," इराप्पा मागून म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला.

मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडू आलं. बाहेर फाटकाशी जावई अभिनंदन उभा होता. त्याला फोनवर सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, ती तुम्हालाच हाका मारत असेल." स्वरूपाला तर विचारायचीही गरज पडली नाही. खोलीतल्या फोनवरून ती एवढंच म्हणाली, "इथं कोण न्हाईये गं. ये की."

डागावर दोन पट्ट्या, वर लांब बाह्यांचा जाड गाऊन, हातमोज्यांचे दोन जोड, तोंडाला मास्क. एवढं सगळं चढवून मी आत गेले. तिनं माझा हात धरला. रबराच्या दोन थरांतूनही तिच्या हाताची आग जाणवत होती.

शेकडो बाळंतपणं केली असतील मी, पण स्वतःच्या लेकीचं करायला वेगळी छाती लागते. ती ओरडायची तेव्हा माझा सराव कुठं पळायचा कोण जाणे. दुपार कलता कलता मुलगी झाली. लालबुंद, रागावलेली, मूठ आवळलेली. नाळ कापून मी तिला स्वरूपाच्या छातीवर ठेवलं आणि मला आयुष्यात झाला नव्हता एवढा आनंद झाला. इतकं सगळं वाईट चाललेलं असताना झाला, याची मला लाज वाटली नाही.

त्यानंतर तो आठवडा. रिपोर्ट येईपर्यंत बाळ-बाळंतिणीपाशी दुसरं कोणी राहू शकत नव्हतं, म्हणून मीच राहिले. खालच्या मजल्यावर लोक आजारी पडू लागले होते. ताप, मग अंगावर पुरळ. दोघं गेले. त्यांना इराप्पानं आणि पथकातल्या पोरांनी उचललं, तोंडाला मास्कही न लावता, आणि आमच्यातल्या एकालाही काही झालं नाही. म्हणजे लस खरी होती. आगाऊ दिली होती म्हणूनच शहर वाचलं, असं पुढं सगळे म्हणाले.

आणि वर मी बाळाला तेल लावत होते. रबराच्या हातांनी तेल लावून बघा म्हणजे कळेल. पोर मासोळीसारखी निसटते. मी मांडीवर टॉवेल घालून तिला त्यात घट्ट बसवायचे आणि दोन बोटांनी पाय चोळायचे. स्वरूपा पडल्या पडल्या बघत राहायची. लहानपणी ऐकलेल्या सगळ्या गोष्टी तिनं मला परत सांगायला लावल्या. आम्ही खूप बोललो. टपरी आणि गॅलरीच्या मधल्या रस्त्यात जे सांडून गेलं होतं ते सगळं गोळा केलं. माझ्या घरात नाही, पण तिला माहेर मिळालं.

"आई, एक बोट," ती एकदा म्हणाली. "एकाच बोटाचा मोजा काढ. बाळाच्या गालाला लाव."

"रिपोर्ट येऊ दे."

"रिपोर्ट चांगला आला तर तू काढणार न्हाईस. वाईट आला तर काढशील." ती छताकडं बघत होती. "मग मी देवाकडं मागू काय?"

"चांगलाच माग," मी म्हटलं.

"तू काय मागतीयेस?"

"चांगलाच गं."

मी खरंच चांगलाच मागत होते. देवासमोर खोटं बोलायची माझी टाप नाही. पण मागून झालं की मी बाळाला थोडं जास्तच घट्ट धरायचे.

आठवड्यानंतर एका सकाळी खोलीतला फोन वाजला. बाळंतीण झोपली होती आणि बाळ माझ्या मांडीवर जागं होतं, मास्कवरच्या माझ्या डोळ्यांकडं टकामका बघत होतं. मी एका हातानं फोन उचलला.

"मालनताई," डॉक्टर मुजावर म्हणाल्या, "दोघी स्वच्छ आहेत. बाळ आणि बाळंतीण. काही लागलेलं नाही. तुमच्या पट्टीतूनही काही नाही. पद्मजाताईही स्वच्छ." त्या रडत होत्या. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "आता..."

"कळलं मला."

"पाच मिनिटं घ्या हवं तर. मी दुसरीकडं बघते."

त्यांच्या मनाचा मोठेपणा होता तो. पण मी नर्स आहे आणि फोन ठेवल्या क्षणापासून त्या खोलीत रोग एकच उरला होता. तो बाळाला मांडीवर घेऊन बसला होता. मला ती पाच मिनिटं हवी होती. इतकी हवी होती, की मी ती घेतली नाहीत. घेतली असती तर दहा झाली असती. मी बाळाला दुपट्यात गुंडाळलं, स्वरूपाच्या कुशीत ठेवलं, दारापाशी गेले आणि तिथून हाक मारली.

"स्वरूपा, ऊठ. रिपोर्ट आला."

ती दचकून उठली. "काय आला?"

"चांगला. दोघींचा."

ती हसली. मोठ्यानं हसली, बाळाचा मुका घेतला आणि हसत हसतच माझ्याकडं हात पसरले. मी दारातून हलले नाही. तिचे हात तसेच हवेत राहिले. मग तिला सगळं कळलं आणि तिनं ते हळूहळू खाली घेतले.

"आई, तिचं नाव तू ठेव," ती म्हणाली.

"रस्त्यावरून ओरडून सांगते," मी म्हटलं. ती रडता रडता परत हसली. मी दार लावून घेतलं.

बाहेर सगळे टाळ्या वाजवत होते. बंबवाले, सिस्टर, इराप्पा. वहिनी हात धुऊन, स्वच्छ कपडे घालून आत जायला तयार उभ्या होत्या. मी दोन हात लांब उभं राहून त्यांना सगळं सांगितलं. बाळ डाव्या कुशीवर लवकर झोपतं. तेल कोमट लागतं. दूध पिऊन झाल्यावर खांद्यावर घेऊन पाठ थोपटा, पण हळू. उचकी लागली तर घाबरू नका, आपोआप थांबते. त्या मान डोलवत राहिल्या आणि मध्येच म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही बसा जरा." मी बसले नाही.

वहिनी आत गेल्या. दार लागलं. काचेतून मला फक्त त्यांची पाठ दिसत होती. आतून बाळ रडायला लागलं, ते परकी कुशी लागल्यावर मुलं रडतात तसं, जीव तोडून. माझा हात दाराच्या कडीकडं गेला. वहिनींनी तिला उचललं, आपल्या उघड्या हातानं तिच्या पाठीवरून गोंजारलं, आणि ती गप्प झाली.